फी त्यांची, काटा गिऱ्हाइकाचा

आमच्या साहेबांबरोबर भाजी आणायला जाणं ही शिक्षा होती. मी ती एकदाच भोगली. काही कामासाठी त्यांच्या दिघीच्या घरी गेले होते, तर त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, आम्हा दोघांच्या हातात पिशवी देऊन बाजारात पिटाळलं. साहेब एका वांगीवालीसमोर उकिडवे बसले. वांगी राहिली बाजूला. आधी त्यांनी तराजूचं रिकामं पारडं उचलून खालून बघितलं, त्यावरून बोट फिरवलं, सोडून दिलं आणि काटा हलायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. वांगीवालीला हे नवीन नसावं, ती निवांत शेजारणीशी बोलत होती. मग तिनं अर्धा किलो जोखलं आणि रिवाजाप्रमाणे वर एक वांगं ठेवलं. साहेबांनी ते उचलून तिच्या ढिगात परत टाकलं.

“ऱ्हाऊ द्या की अण्णा, तुमाला म्हणून दिलं,” ती म्हणाली.

“मला म्हणून नको. मला ज्यादा दिलंस म्हंजी ते कुणाच्या तरी मापातनं काढणार.”

“एका वांग्यानं काय हुतंय?”

“तेच म्हणतोय मी. एका वांग्यानं काय हुत न्हाई, तर देतीस कशाला?”

घरी आल्यावर काकूंनी मला हळूच विचारलं, “भांडण झालं का?” मी म्हटलं, थोडक्यात आटपलं. काकूंनी कपाळाला हात लावला. भाच्याच्या लग्नाला निघालेलं सगळं बिऱ्हाड नटूनथटून पेट्रोलपंपावर उभं करून ह्या माणसानं तिथल्या पोराकडून मापाचा डबा मागवला होता आणि पेट्रोल मोजून बघितलं होतं, ही गोष्ट मी त्या दिवशी काकूंच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. मुहूर्त चुकला. माप बरोबर निघालं. “आणि बरोबर निघालं ह्याचा त्यांना जो आनंद झाला, तो भाच्याला बायको मिळाल्याचाही झाला नाही,” काकू म्हणाल्या.

साहेबांची उभी हयात वजनमापे खात्यात गेली. दुकानादुकानांतून वजनं तपासायची, खरी असतील तर शिक्का मारायचा, खोटी असतील तर जप्त करायची. घर मूळचं दिघीचंच. चुलतभावांनी जमिनी विकून मोठाल्या गाड्या घेतल्या, हे स्कूटरवरच राहिले. त्याचं त्यांना दुःख नव्हतं, असं मी म्हणणार नाही. स्कूटर सुरू होत नसली की ते चुलतभावांचं नाव घेऊन किक मारायचे.

माझा आणि त्यांचा संबंध आला तो मात्र कारखाने आणि किराणा ह्यांपासून लांबच्या कामात. आमचा हा आकुर्डी-चाकणचा पट्टा लोकांना माहीत आहे तो गाड्या आणि गाड्यांचे सुटे भाग ह्यांसाठी. पण तळवड्याच्या बाजूला काचेच्या इमारतींत मोबाइलवरची ॲपं चालवणाऱ्या कंपन्याही आहेत. कुणाचं व्हिडिओचं ॲप, कुणाचं गप्पा मारायचं, कुणाचं जुन्या वस्तू विकायचं. त्यावर माणसं एकमेकांशी जे वागतात ते मी आधी काही वर्षं पगार घेऊन बघत होते. लोकांनी केलेली तक्रार उघडायची, फोटो बघायचा, ठेवायचा की काढायचा ते बटण दाबायचं आणि पुढची उघडायची. शिफ्ट संपून बसमध्ये डोळे मिटले की पुन्हा तेच फोटो. शेवटी एक दिवस सोडून दिलं.

त्याच सुमारास ह्या कंपन्यांच्या संघटनेनं आकुर्डीला एक ‘ऑनलाइन सुरक्षा कक्ष’ काढला. सरकारी कायदा यायचा तेव्हा येईल. तो यायच्या आत आपली शिस्त आपणच लावून घेतली असं दाखवता आलं तर बरं, असा त्यामागचा विचार. ॲपवर कुणाला त्रास झाला आणि कंपनी दाद देत नसली तर त्यानं आमच्याकडे यायचं, आम्ही कंपनीला जाब विचारायचा. कक्षाचा खर्च कंपन्यांनी फी भरून करायचा. ज्याच्या ॲपवर माणसं जास्त, त्याची फी जास्त.

माझा नवरा चाकणला एका कारखान्यात आहे. त्याला हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. “म्हणजे चोरांनी वर्गणी काढून वॉचमन ठेवला म्हण की! ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. तुम्ही काय वेगळं करणार?” मला नोकरी हवी होती. मी म्हटलं, वाजवू टाळी.

कक्षाचा प्रमुख म्हणून संघटनेला निवृत्त सरकारी अधिकारी हवा होता, म्हणजे पाटीला वजन येतं. मोठमोठ्या साहेबांना विचारून झालं. काही नको म्हणाले, काही परवडले नाहीत. आमचे साहेब परवडले.

पहिल्या दिवशी ते आले, चपला दाराबाहेर काढल्या, माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “मॅडम, हितं लोकं एकमेकांना फसवत्यात कसं, ते मला पयल्यापासनं सांग.” मला ते कायम ‘मॅडम’ म्हणायचे आणि पुढे एकेरीत बोलायचे. कंपनीवाल्यांसमोर त्यांची भाषा कडक इस्त्रीची, आमच्यासमोर घरच्या लुंगीतली. स्मार्टफोन त्यांनी ह्या नोकरीसाठी म्हणून घेतला. कुठलंही ॲप उघडताना आधी अटींचं लांबलचक भेंडोळं येतं आणि खाली ‘मान्य आहे’ असं बटण असतं. तुम्ही-आम्ही ते दाबतो. साहेब सगळं वाचायचे. दुपारभर वाचून झालं की ‘मान्य नाही’चं बटण शोधायचे. तसं बटणच नसतं हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांना वाटायचं, ते आपल्याला सापडत नाहीये.

‘काटा रिकामा असताना बघावा’ हे त्यांचं सगळ्यांवरचं औषध होतं. वजन टाकल्यावर काटा काय सांगतो ते कुणीही बघतं. पारडी रिकामी असताना तो मधे उभा राहतो का, ते बघावं. माझ्या नणंदेला एक स्थळ आलं होतं, त्याविषयी मी बोलले तर म्हणाले, “पाव्हणे आल्यावर पोरगा कसा बोलतो ते नको बघू. घरात कुणी नसताना आईशी कसा बोलतो, ते बघ.” आता घरात कुणी नसताना मी तिथे कशी असणार? हे विचारल्यावर म्हणाले, ती अडचण हाय खरी.

फीवरून त्यांना सगळेच टोचायचे, माझ्या नवऱ्यापासून चहावाल्यापर्यंत. एरवी चिडणारा हा माणूस त्यावर मात्र शांतपणे बोलायचा. “दुकानदार वजनाला शिक्का मारून घेतो, त्याची फी कोण भरतं? दुकानदारच भरतो. गिऱ्हाइकानं का भरावी? धंदा दुकानदाराचा, वजन दुकानदाराचं, त्यात खोट निघाली तर ती बी त्याचीच. तेव्हा फी त्याचीच. पण काटा गिऱ्हाइकाचा. फी भरली म्हणून वजन खरं हुत न्हाई.” आमच्या कक्षात त्यांना एकच गोष्ट खुपत होती. वजनमापे खात्याची फी सरकारी तिजोरीत जायची. एखादा वाणी रुसला म्हणून निरीक्षकाची चूल विझत नव्हती. इथे कंपनी वर्षाला आपल्या मर्जीनं चेक देणार आणि त्यावर आमचे पगार. म्हणून प्रत्येक बैठकीत साहेब एकच मागणी करायचे: फी सगळ्यांनी पुढच्या वर्षाची आधीच एका सामाईक खात्यात भरून ठेवावी, म्हणजे मधेच कुणी नाराज झालं तरी काम थांबणार नाही. प्रत्येक बैठकीत उत्तर यायचं, “चांगली सूचना आहे साहेब, बघू.” बैठकीत समोसे छान असायचे. साहेब खायचे नाहीत, मी खायचे.

मग ती चाकणची मुलगी आली. तिचं नाव इथे लिहीत नाही, आधीच ते पुष्कळ फिरलं. लातूरकडची, वायरी जोडायच्या लाइनीवर कामाला, चार मुलींत मिळून एक खोली. खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा असते, त्या दिवशी सगळ्या साड्या नेसून येतात, फोटो काढतात. त्यातला हिचा फोटो कुणीतरी उचलून तळवड्याच्या त्या सगळ्यांत मोठ्या कंपनीच्या ॲपवर खोट्या नावानं खातं काढलं होतं. खाली हिचा नंबर आणि असला मजकूर की मी एवढी वर्षं तेच बघण्यात घालवूनही मला तो मोठ्यानं वाचवला नाही. बरोबर तिचा मोठा भाऊ होता. तो गावाहून बॅग घेऊनच आला होता.

“सायेब, रात्रंदिवस फोन येऊलालेत,” मुलगी म्हणाली. “लाइनीवर पोरं हसूलालेत.”

भाऊ तिच्याकडे न बघता म्हणाला, “आमी काय जास्ती बोलत नाय. फोटो निघला तर ठीक. नायतर मी हिला घेऊन चाललो. घरी बसंल, लग्न लावून देऊ. ह्या नोकरीपायी आबरू घालवायची नाय.”

मुलीनं खाली मान घातली. तिच्या पगारावर तिचं काय काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. बाहेरून पदवीची परीक्षा देत होती, आणि गावाकडे ठरवून ठेवलेल्या एका लग्नाला तिनं ह्याच नोकरीच्या जोरावर नाही म्हटलं होतं. ती बॅग घेऊन गेली असती तर पुन्हा आली नसती.

साहेबांनी मला खूण केली. आमच्याकडून कंपनीला तक्रार पाठवायची एक ठरलेली वाट होती, त्या वाटेनं मी ती पाठवली. भावाला दिलेला चहा संपायच्या आत खातं गेलं. भाऊ बॅग घेऊन एकटाच लातूरच्या गाडीत बसला. दोन-चार दिवसांनी मुलगी पेढे घेऊन आली. साहेबांनी पेढा घेतला नाही, पण तिला बसवून विचारलं, “पोरी, आमच्याकडं यायच्या आधी तू स्वतः कंपनीला कळवलं हुतंस का?”

“मंग! रोज करत होते ना. मी केली, खोलीतल्या पोरींनी केली. काय बी होत नव्हतं.”

ती गेल्यावर मी म्हटलं, “चला, एक काम मनासारखं झालं.” साहेबांनी माझ्याकडे खुर्ची वळवली. म्हणाले, “मॅडम, आपली तक्रार लगीच कशी गेली?”

मी त्यांना सांगितलं, की कक्षाच्या तक्रारींसाठी कंपनीत वेगळी रांग असते. खास माणसं बसवलेली असतात. माझ्या जुन्या कंपनीतही होती. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. बँकेत मॅनेजरच्या ओळखीच्या माणसाला आत बसवतात, तसंच ते. साहेबांचा चेहरा मात्र वांगीवालीसमोर झाला होता तसा झाला.

“म्हंजी इन्स्पेक्टरला दाखवायचं वजन येगळं,” ते म्हणाले, “आन गिऱ्हाइकाला तोलायचं येगळं.”

पुढे त्यांनी जे केलं ते खात्यातल्या लोकांनाच सुचेल. वजनमापे खात्यात चाचणी खरेदी म्हणून एक प्रकार असतो. दुकानदार लबाडी करतो असा संशय असला तर निरीक्षक स्वतः जात नाही. कुणातरी अनोळखी बाईला किलोभर साखर आणायला पाठवतात आणि ती मागाहून जोखून बघतात. साहेबांनी तशी चाचणी तक्रार करायचं ठरवलं. माझ्याकडून त्या ॲपवर एक खोटं खातं काढून घेतलं, त्यावर फोटो लावला स्वतःचा, खाली मजकूर लिहिला ‘घरबसल्या कर्ज मिळेल, कागदपत्रे नकोत’. आणि काकूंच्या फोनवरून, म्हणजे साध्या गिऱ्हाइकाकडून, रोज तक्रार करायला लावली, की हा माझ्या नवऱ्याचा फोटो आहे, तो कुणीतरी चोरलाय, खातं काढा.

कंपनीनं काही काढलं नाही. दरम्यान दिघीत मात्र बोभाटा झाला. एक चुलतभाऊ गाडी घेऊन दारात हजर. “अण्णा, कर्जाचा धंदा चालू केला व्हय? आमाला परक्यावानी मोबाइलवर कळतंय!” साहेबांनी त्याला चाचणी खरेदी समजावून सांगितली. तो म्हणाला, ते समदं ठीक हाय, पर व्याज काय दरानं? काकूंनी बाजारात जाणं बंद केलं. “ह्यांच्या नादानं मला लोक सावकारीण म्हणायला लागलेत,” त्या मला म्हणाल्या, “आणि तो कंपनीवाला रोज मला लिहून पाठवतोय, आपल्या तक्रारीबद्दल आभारी आहोत.” बरेच आठवडे असे गेल्यावर साहेबांनी तीच तक्रार कक्षाकडून पाठवायला सांगितली. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत खातं गेलं होतं.

मी त्यांना तेव्हा सांगितलं होतं. वर्ष संपत आलंय, नव्या वर्षाची फी यायची आहे, सामाईक खातं काही अजून झालेलं नाही. तेवढी फी येऊ द्या, मग बोला. माझा हप्ता चालू होता, घरभाडं होतं, मी काही हौस म्हणून सांगत नव्हते.

“फी यायची वाट बघून गप बसलो,” साहेब म्हणाले, “तर मग तपासणी आधीच इकली की गं.”

बैठक तळवड्याला कंपनीच्याच इमारतीत झाली. कंपनीचा जो मॅनेजर आमच्याशी बोलायचा, तो तिशीतला, हसऱ्या तोंडाचा, कधी कुणाला नाही न म्हणणारा. साहेबांनी इस्त्रीच्या भाषेत सगळं मांडलं. मॅनेजर मनापासून गोंधळला. “पण साहेब, ती खास रांग तुमच्याचसाठी केली आहे. तुमच्याकडून आलेलं एकही काम आम्ही अडकवलं नाही.”

“तेच आमचं म्हणणं आहे,” साहेब म्हणाले. “आमच्यासाठी सोय नको. जे लोक आमच्यापर्यंत पोचत नाहीत त्यांची रांग चालते का, एवढंच आम्हाला बघायचंय. ती चालत नाही. आम्ही ते वार्षिक अहवालात लिहिणार.”

मॅनेजर थोडा वेळ पेनशी खेळला. “साहेब, रागावू नका. ह्या कक्षाचा निम्म्याहून जास्त खर्च आमच्या फीवर चालतो.”

“म्हणून तर लिहायचं. तुम्ही तपासणीचे पैसे भरलेत. तपासणी केली नाही तर ती तुमचीच फसवणूक.”

कुणी आवाज चढवला नाही. “लिहा ना साहेब, तुमचा अधिकार आहे,” मॅनेजर म्हणाला आणि आम्हाला लिफ्टपर्यंत सोडायला आला.

अहवाल वेबसाइटवर चढला. फी आली नाही. नाही असं कंपनीनं कधीच म्हटलं नाही. मंजुरीला गेली आहे, वरून सही यायची आहे, नवीन माणूस आला आहे. बाकीच्या कंपन्या म्हणाल्या, त्यांची आली की लगेच आमची. पगार आधी उशिरा झाले, मग अर्धे, मग थांबले. जागेच्या मालकानं कुलूप लावायच्या आधी फोन करून सांगितलं, तेवढी माणुसकी त्यानं दाखवली. वेबसाइटचं भाडं थकलं आणि अहवालही गेला. त्या शेवटच्या दिवशी मी साहेबांना तोंडावर म्हटलं, “तुमचा काटा बरोबर निघाला साहेब, आणि दुकान बंद झालं.” मला राग आला होता, तो मी लपवला नाही. ते म्हणाले, “व्हय.” आणि चपला घालायला वाकले.

मी पुन्हा तळवड्याला लागले. वेगळी कंपनी, तेच काम. बसमध्ये पुन्हा डोळे मिटायची भीती. पेपरात मधूनमधून येतं की सरकार आता कायदा करणार, कंपन्यांवर फी लावून सरकारच अशी यंत्रणा चालवणार. नवरा वाचून दाखवतो. मी ऐकते आणि भाजी चिरते. चांगली सूचना आहे, बघू.

अशातच एका रविवारी त्या चाकणच्या मुलीचा फोन आला. तिच्याकडे माझा नंबर होता. तोच फोटो, तेच ॲप, नवं खातं. तिनं रोज तक्रार केली होती, सायबर पोलिसांकडेही जाऊन आली होती. तिथे तक्रार घेतली होती आणि थांबायला सांगितलं होतं. भावाला गावातल्याच कुणीतरी फोटो दाखवला होता. तो उद्या सकाळी येणार होता.

माझ्या हातात तर आता काहीच नव्हतं. ‘थांब’ म्हणायचं माझ्या जिवावर आलं म्हणून मी तिला दिघीला घेऊन गेले. साहेब व्हरांड्यात बसले होते. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बोलायला लागले, की पुन्हा लेखी दे, मी बरोबर येतो, पोलिसांत वरच्या साहेबांना भेटू, कंपनीवर आपण रीतसर...

“सायेब,” मुलीनं त्यांना मधेच थांबवलं. “तुमचं खरंच हाय. येताना वाटंत मॅडमनी सांगितलं मला, तुमी काय केलं आन कशापायी केलं ते. माझ्यासारख्या समद्यांसाठी केलं. पण दादा उद्या येऊलालाय. तुमचं ते व्हईस्तोवर मी गावात आसंन.”

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, लावा ना त्या मॅनेजरला फोन. त्याचा नंबर आहे ना तुमच्याकडे?”

मला वाटलं ते काकूंवर ओरडतील. ते उठले, आतून फोन घेऊन आले, चष्मा लावला. नंबर सापडायला त्यांना वेळ लागला, किंवा त्यांनी लावला. कंपनीवाल्याशी खाजगीत बोलायचं नाही म्हणून ते नेहमी स्पीकर चालू करून बोलायचे. त्या दिवशीही त्यांनी तो चालू केला, सवयीनं.

“अहो साहेब! आज कशी काय आठवण?” मॅनेजरचा तोच हसरा आवाज.

“जरा काम होतं साहेब,” आमचे साहेब म्हणाले. त्यांनी त्याला साहेब म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. “काम म्हणजे… विनंती समजा. माझा काही अधिकार नाही आता. एका मुलीचा प्रश्न आहे. तेवढं एक खातं काढलंत तर उपकार होतील.”

“उपकार कसले साहेब, लाजवता का? लिंक पाठवा.”

मी पाठवली. पलीकडे तो कुणाशी तरी बोलला, बटणं वाजली. इकडे मुलगी आपल्या फोनवर बघत होती. तिनं माझा हात घट्ट धरला.

“झालं बघा,” मॅनेजर म्हणाला. “आणि पुन्हा कुणी असं खातं काढलं तर सरळ मला फोन करायचा. जुनं काही मनात ठेवू नका. आपल्या माणसाचं काम आहे, एवढं तर करणारच ना!”

फोन बंद झाला. मुलगी रडायला लागली आणि रडतरडतच तिनं अंगणात जाऊन भावाला फोन लावला. “न्हाई दादा, येऊ नकोस. निघलंय, निघलंय म्हणते ना. तिकीट रद्द कर. मला उद्या फर्स्ट शिफ्ट हाय.” काकू तिच्यासाठी पाणी घेऊन गेल्या.

साहेब फोन मांडीवर ठेवून बसले होते. मी म्हटलं, “साहेब, पोरगी वाचली.”

“वाचली की. वाईट कुठं म्हणतोय मी.” थोडा वेळ ते तिच्या बोलण्याकडे कान देऊन बसले. “ऐकलंस का मॅडम, काय म्हणला? आपला माणूस. नोकरीत असताना एवढे दोन शबूद म्हणता यावेत म्हणून लोकांनी मला फ्लॅट दाखवला, पोराला कॉलेजात जागा दाखवली. न्हाई झालो मी कुणाचा.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “आज फुकटात झालो.”